छोट्या चौकटीचं रिव्हॉल्व्हर आणि आपल्याकडची रिकामी कपाटं

(कुंभिवली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय ऐकून काही जण दचकले असतील. रिव्हॉल्व्हरचा संग्रह हा काय व्याख्यानाचा विषय आहे? आपल्या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात हत्यार म्हटलं की कोयता, फार तर रानडुकरांसाठी शेतरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक. तरीही मी हा विषय घेतला. कारण हत्यार कुणाकडे होतं, कुणाकडे नव्हतं आणि ज्याच्याकडे होतं त्याचं पुढे काय झालं, यात गेल्या दीडशे वर्षांचा आपला बराचसा इतिहास दडलेला आहे. आणि तो इतिहास आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर, पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जाऊन पडतोय.

आधी वस्तू समजून घेऊ. आपण बोलताना सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो. पण रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यात पाच-सहा घरांची चक्री असते आणि चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते ते हत्यार. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. रिव्हॉल्व्हरचा जो मूळ सांगाडा, ज्यात चक्री बसते आणि ज्याला नळी जोडलेली असते, त्याला फ्रेम म्हणतात. आपण चौकट म्हणू. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं चौकटींना आकाराप्रमाणे अक्षरं दिली. १८९६ साली त्यांनी पॉइंट ३२ बोअरचं एक लहानसं रिव्हॉल्व्हर काढलं, चक्री बाजूला उघडणारं. त्या चौकटीला पुढे 'आय' फ्रेम म्हणू लागले. १९५० मध्ये तीच थोडी वाढवून 'जे' फ्रेम झाली. कोटाच्या खिशात मावेल एवढी.

आता नेम धरायची सोय. नळीच्या टोकाला एक खुंटी असते, जुने शिकारी तिला 'माशी' म्हणतात. आणि मागे असते खाच. खिशातल्या रिव्हॉल्व्हरला मागची खाच म्हणजे चौकटीच्या पाठीवर कोरलेली नुसती एक चर असते. ती हलत नाही. कारखान्यात जशी पडली तशी. याउलट ज्याला 'ॲडजस्टेबल साइट' म्हणतात, त्यात मागची खाच एका छोट्या पट्टीवर असते आणि दोन स्क्रूंनी ती वरखाली, डावीउजवीकडे सरकवता येते. काडतूस बदललं, अंतर बदललं, तर बसवून घेता येते.

एक हिशोब करू. माशी ते खाच हे अंतर १० सेंटीमीटर आहे असं धरा. नेम धरताना तुमचा हात एक मिलिमीटर चुकला. तर २५ मीटरवर गोळी किती चुकेल? २५ सेंटीमीटर. म्हणजे जेवणाच्या ताटाच्या मध्यावर नेम धरलात तर गोळी ताटाबाहेर. (हशा) नळी जितकी आखूड तितकी ही चूक मोठी. मग एवढ्या आखूड हत्याराला बारीक स्क्रूवाली महागडी खाच कशाला लावायची? शिवाय ती पट्टी वर डोकावते, खिशातून काढताना कापडात अडकते. शहाणा माणूस म्हणेल, नको. आणि बहुतेक गिऱ्हाइकं तसंच म्हणाली. म्हणून ही जात कमी बनली आणि कमी बनली म्हणून आज दुर्मीळ आहे. संग्राहकाची नजर नेमकी अशा विसंगतीवर जाते. दोन हेतूंच्या मध्ये अडकलेली वस्तू त्याला सगळ्यात आवडते.

ही जात जन्मली कशी, तेही थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोला फिल बेकार्ट नावाचा बंदुकांचा व्यापारी होता. त्याचं म्हणणं, पॉइंट ३२च्या या छोट्या चौकटीवर पॉइंट २२ची चक्री बसवा, सहा इंची नळी लावा, सरकती खाच द्या. स्वस्त काडतुसांत नेमबाजीचा सराव होईल. १९११च्या सुमारास ते बाजारात आलं. मग १९३०च्या दशकाच्या मध्याला त्याची चार इंची आवृत्ती निघाली, तिचं नाव 'किट गन'. किट म्हणजे मासेमारीला किंवा रानात मुक्कामाला जाताना जी सामानाची पिशवी घेतात ती. आपल्या भाषेत शिदोरीच्या पिशवीतलं रिव्हॉल्व्हर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या किट गन फार थोड्या, आणि त्यांच्यामागे संग्राहक वेडे असतात. १९५७ पासून कंपनीनं मॉडेलना आकडे दिले. किट गन झाली ३४ नंबर. प्रसिद्ध 'चीफ्स स्पेशल' झाली ३६. आणि चीफ्स स्पेशललाच सरकती खाच लावून जी मोजकी बनली, ती ५० नंबर. चक्री बाहेर काढली की चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात हा आकडा ठोकलेला दिसतो. कोल्ट कंपनीनंही 'पोलीस पॉझिटिव्ह'ची टार्गेट आवृत्ती काढली होती, आणि १९६६ साली 'डायमंडबॅक'. इथे अमेरिकेची गोष्ट थांबवतो, कारण खरा प्रश्न आपला आहे. हे सगळं जगात घडत असताना आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे १८७८ होतं. लॉर्ड लिटनचा शस्त्रकायदा. त्याच वर्षी, त्याच लिटनसाहेबानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. लेखणी आणि हत्यार, दोन्ही एकाच वर्षी. शस्त्रकायद्याचा खरा डंख नियमांत होता. हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि युरोपियनाला त्यातून सूट होती. कोडगूच्या लोकांना मात्र त्यांच्या परंपरेमुळे माफी मिळाली, ती आजतागायत चालू आहे. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्या शेजारच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. काँग्रेसनं आपल्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. ठराव करणारे काही बंडखोर नव्हते, वकील-डॉक्टर मंडळी होती. त्यांना झोंबत होता तो अपमान. स्टेशनमास्तर गोरा असेल तर त्याच्या खिशात रिव्हॉल्व्हर चालतं आणि हायकोर्टाचा वकील काळा असेल तर त्यानं अर्ज करायचा.

मग रिव्हॉल्व्हरं होती कुणाकडे? साहेबाकडे आणि संस्थानिकाकडे. मुंबईला काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत आहे ना, ते दुकान १८९१ पासून मुंबईत होतं. सदस्य गिऱ्हाइकांना विलायती माल पुरवायचं, मेणबत्तीपासून बंदुकीपर्यंत. बर्मिंगहॅमच्या वेब्लीची रिव्हॉल्व्हरं या रस्त्यानं आली. वेब्लीनं १८७२ साली 'बुलडॉग' नावाचं बुटकं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, त्याच्या बेल्जियममध्ये ढीगभर नकला झाल्या. संस्थानिकांच्या शस्त्रागारात इंग्लंडहून मागवलेल्या शिकारी बंदुका मानानं मांडलेल्या असत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आजही त्या वैभवाची कल्पना येते. पण तिथेही बघा, भिंतीवर लांब बंदूक असते. छोटं रिव्हॉल्व्हर भिंतीवर लावण्याची वस्तूच नाही. ते टेबलाच्या खणात असतं आणि खणातल्या वस्तू संग्रहालयात पोचत नाहीत.

आता दुसरी बाजू. ज्यांना परवाना मिळणार नव्हता, त्यांनी काय केलं? २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची रात्र, पुण्याचा गणेशखिंड रस्ता. दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णांनी आयर्स्टवर. अगदी जवळून, चालत्या घोडागाडीत मागून चढून. तिथे नेमाच्या खाचेचा प्रश्नच नव्हता. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग. अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. हातात होतं ब्राउनिंग. ब्राउनिंग हे रिव्हॉल्व्हर नव्हे, पिस्तूल. म्हणून सुरुवातीला फरक सांगितला. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर अशी वीस ब्राउनिंग पाठवली होती. त्याच साली १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका नेमबाजीच्या रेंजवर पैसे भरून सराव करत. गंमत बघा. पुण्याच्या पोराला हत्यार बाळगणं हा गुन्हा, आणि साम्राज्याच्या राजधानीत तेच हत्यार दुकानात मिळतं आणि त्याचा सरावही करता येतो.

२२ जुलै १९३१ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडलं. अंतर हातभर. हॉटसन वाचले, गोळी खिशातल्या धातूच्या वस्तूवर अडली.

या सगळ्यातून सरकारच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली असणार, असं माझं मत आहे. लांब बंदुकीची सरकारला तेवढी भीती नाही, ती दिसते. भीती आहे ती खिशात मावणाऱ्याची. शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, पण छोट्या हत्याराकडे कायम संशयानं पाहिलं गेलं. आणि हा संशय स्वातंत्र्यानंतरही गेला नाही. १९४८च्या खून-खटल्यातल्या बेरेटा पिस्तुलाचा नंबर ६०६८२४ होता, हे आज कुणालाही वाचायला मिळतं. आपल्या देशात छोट्या हत्याराचा नंबर लोकांना माहीत होतो तो असा, खटल्यातून. संग्राहकाच्या वहीतून नाही.

आता आपल्या भागाबद्दल बोलतो. १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांचा आझाद दस्ता या डोंगरांत फिरत होता. विजेचे मनोरे पाडणं हे त्यांचं मुख्य काम. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालायच्या. तारा तुटल्या की युद्धाचं उत्पादन थांबतं, एवढं साधं गणित. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. समोर होते बंदूकधारी पोलीस. दस्त्याच्या कर्तबगारीचं माप हत्यारांत घेऊ नका, असं मी नेहमी म्हणतो. पण हत्यारांची ही विषमता का होती, ते १८७८पासून बघितल्याशिवाय कळत नाही. डोंगर ओळखीचे, माणसं ओळखीची, आणि हातात जे मिळेल ते.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा नवा शस्त्रकायदा आला. गोरा-काळा भेद नव्हता, पण परवाना राहिला. लष्कर-पोलिसांच्या काडतुसांशी जुळणारी बोअर सामान्य माणसाला बंद, त्याला 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात. पॉइंट ३८ त्यात गेलं. उरलं पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. आता योगायोग पाहा. १८९६ साली त्या पहिल्या छोट्या चौकटीबरोबर जे पॉइंट ३२चं काडतूस जन्मलं, तेच आपल्या सरकारी कारखान्यांनी धरलं. कानपूरला बनणारं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचं, आणि घडण मात्र वेब्लीची, मधून मोडून उघडणारी. २०१४ साली फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्धा किलोचं. पुढे २०२० मध्ये वेब्लीचं नाव उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे परत आलं. बर्मिंगहॅमहून हरदोईला, दीडशे वर्षांत!

आणि हेच पॉइंट ३२ काडतूस २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेतही चालतं. १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत अशोक पंडित यांनी यातच सुवर्ण मिळवलं. आपल्याकडे सरकत्या खाचेचं छोटं हत्यार खऱ्या अर्थानं जिवंत राहिलं ते नेमबाजांच्या हातात. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुढे कोल्हापूरची राही सरनोबत, ही परंपरा लहान नाही. पण स्पर्धक नवं हत्यार वापरतो. जुनं तो विकतो किंवा जमा करतो. तो संग्राहक नसतो, आणि असायचं कारणही नाही.

१९८०च्या दशकात दोन गोष्टी झाल्या. एका माणसाला जास्तीत जास्त तीन हत्यारं, अशी मर्यादा १९८३च्या दुरुस्तीनं आली. आणि त्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं जवळपास बंद झालं. परिणाम काय? देशात जी विलायती-अमेरिकन रिव्हॉल्व्हरं होती तेवढीच राहिली, आणि त्यांची किंमत त्यांच्या मायदेशापेक्षा कितीतरी पटींनी चढली. तिकडे मध्यमवर्गीय माणूस जे हौसेनं घेतो, ते इथे जमिनीच्या भावात जातं. मग २०१९ची दुरुस्ती आली. तीनाची मर्यादा दोनावर आली, वारसाहक्कानं आलेल्यालाही तीच लागू. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते सोडावं लागलं.

आता माणूस कुठलं सोडेल? रोज लागणारी बारा बोअर ठेवेल, नवं रिव्हॉल्व्हर ठेवेल, आणि आजोबांचं गंजलेलं छोटं, ज्याची काडतुसंही मिळत नाहीत, ते नेऊन देईल. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीनं जे सगळ्यात मोलाचं, तेच पहिलं जातं. सरकारजमा झालेलं हत्यार पुढे नष्टही होऊ शकतं. मी कायद्याच्या विरोधात बोलत नाहीये. देशात हत्यारं कमी असावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वस्तू वितळते तेव्हा तिच्यावरचा नंबर, तिच्यावर ठोकलेलं दुकानाचं नाव, मालकाची कोरलेली अक्षरं हेही वितळतं. वस्तू जाऊ द्या, पण तिची नोंद तरी राहावी, एवढीच माझी मागणी आहे.

आणि इथे मराठी संग्रहालयांबद्दल थोडी तक्रार करतो. पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. तलवारी, कट्यारी, दांडपट्टे, ठासणीच्या बंदुका, त्यांच्यावरचं सोन्याचं काम, सगळं डोळे भरून बघावं असं. पण विसाव्या शतकात शिरलं की आपलं शस्त्रदालन थबकतं. जणू १८५७ नंतर महाराष्ट्रात कुणी हत्यार हातात घेतलंच नाही. शंभर वर्षं उलटली की वस्तू पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. १९११चं 'बेकार्ट' हल्लीच शंभरी ओलांडून गेलं. आपण अजून तलवारीपाशीच आहोत.

प्रश्नांना वेळ ठेवलाय, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आधीच आलाय, तो घेतो. "आमच्याकडे आजोबांच्या काळचं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना वडिलांच्या नावावर होता, वडील वारले. काय करायचं?"

पहिलं म्हणजे, ते कपाटात ठेवू नका. परवानाधारक गेला की वारसांनी विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. तसं न करता ठेवलं तर तो गुन्हा ठरतो, वस्तू कितीही जुनी असो. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज अलिबागला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हेही ऐका. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयात असतानाच वारसाकडे हस्तांतर मागता येतं. २०२० मध्ये केंद्रानं 'क्युरिओ' वर्गातल्या हत्यारांसाठी नुसतं बाळगायला परवाना लागणार नाही असं जाहीर केलं, पण वापरायला आणि घेऊन फिरायला लागतोच, आणि तुमचं हत्यार त्या वर्गात बसतं का हे तुम्ही ठरवायचं नाही, अधिकाऱ्यानं ठरवायचं.

दुसरं, जमा करण्याआधी, जाणकार विक्रेत्यासमोर, रिकामं आहे याची खात्री करून घ्या आणि फोटो काढा. दोन्ही बाजूंचे, नळीवरच्या अक्षरांचे, मुठीच्या तळाचे, चक्री उघडल्यावर दिसणाऱ्या आकड्यांचे. मागची खाच सरकती आहे का, तिचे स्क्रू मूळचे आहेत का, तेही टिपा. जुन्या परवान्याची वही, दुकानाची पावती, पत्रव्यवहार, काहीही टाकू नका. संग्राहक जगात कागदासह आलेलं रिव्हॉल्व्हर आणि बिनकागदाचं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. इतिहासकारासाठी तर कागद उरला तर अर्धी वस्तू उरली.

तिसरं, घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यावरची निळसर काळी झाक हा त्याचा जन्मदाखला आहे. आपल्या कोकणी पावसात तांबेरा चढतो हे खरं, आणि सगळ्यात जास्त चढतो तो चामड्याच्या म्यानात ठेवल्यावर. चामडं ओल धरतं. लोक प्रेमानं म्यानात गुंडाळून ठेवतात आणि दहा पावसाळ्यांत लोखंड खाऊन जातं. सँडपेपर तर अजिबात लावू नका. जमा करतानाही म्यानातून वेगळं काढून द्या, आणि म्यान घरी ठेवा. त्याच्यावर बऱ्याचदा आतल्या बाजूला नाव लिहिलेलं असतं.